दगडाला धनी कोण?

(माधवनगर येथे आसपासच्या शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या वास्तूंविषयी बोलावयाचे तर रायगडावर बोलावे, वेरुळास बोलावे. माधवनगरात कशाला, असे कोणासही वाटेल. आपली ही पेठ संस्थानी अमलात वसलेली, म्हणजे गावांच्या वयाने कालची पोर. येथे किल्ला नाही, लेणे नाही. येथे आहेत माग, दुकाने आणि पोटामागे धावणारी माणसे. परंतु आम्ही मुद्दाम येथेच बोलतो, कारण समोर बसलेली माणसे पेठेत पोट भरीत असली तरी मूळची गावांची आहेत. कोणी बुधगावचा, कोणी कवलापूरचा, कोणी बिसूर, कर्नाळ, नांद्र्याचा, कोणी थेट विट्याकडचा. आणि आपल्या मुलुखातील बहुतेक गावांच्या वेशीत, मारुतीच्या पारावर, नाहीतर ओढ्याकाठच्या महादेवाजवळ एखादा कोरीव दगड उभा, आडवा किंवा अर्धा पुरलेला असतोच. त्या दगडाची गोष्ट आज सांगावयाची आहे.

असे काही बोलू लागले की पहिला प्रश्न ठरलेला. "गुरुजी, दगड काय पोटाला घालतो?" प्रश्न खोटा नाही. ज्याच्या उसाचे बिल थकले आहे, ज्याचा माग सुताअभावी बंद पडला आहे, त्याच्यापुढे शिल्पाचे कौतुक करणे म्हणजे उपाशी माणसाला पंचपक्वान्नांची नावे वाचून दाखविणे होय. म्हणून आम्ही कौतुक करणार नाही, हिशेब मांडणार आहोत. ह्या वास्तू कोणाच्या पैशाने झाल्या, कोणाच्या घामाने झाल्या, आज त्यांचा धनी कोण, आणि त्या बुडाल्या तर नुकसान कोणाचे, एवढाच हा हिशेब आहे.

आरंभ आपल्या कराडपासून करू. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे हे गाव आपण सारे जाणता. त्याच्या नैर्ऋत्येस जखिणवाडीजवळ आगाशिवाचा डोंगर आहे. त्या डोंगराच्या पोटात साठांहून अधिक लेणी खोदलेली आहेत. साध्या खोल्या, दगडी बाक, पाण्याची टाकी आणि मधूनच पूजेचा स्तूप असलेले चैत्यगृह. ही बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. आज ती केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. कोणत्याही लेण्यापाशी गुरे राखणाऱ्या पोरास विचारा, "बाळ, हे कोणी केले रे?" तो चटकन सांगेल, "पांडवांनी. एका रात्रीत." त्याच्या बापानेही हेच सांगितले होते आणि आजानेही.

मंडळी, ही एक रात्र आपल्या लोकांस फार महाग पडली आहे! काळा पत्थर एका रात्रीत खोदला जात नाही. लेणे खोदावयाचे ते वरून खाली. आधी छत कोरावयाचे, मग खांबांचा माथा, मग अंग, आणि सर्वांत शेवटी जमीन. त्यामुळे उंचावर काम करावयास पराती बांधावी लागत नाही. परंतु एक घाव चुकला तर तो दगड पुन्हा चिकटविता येत नाही. छिन्नी बोथट झाली की तिला धार लावावयास लोहाराचा भाता जवळ हवा. निघालेला चुरा वाहावयास माणसे हवीत, त्यांच्या भाकरीस धान्य हवे, पिण्यास पाणी हवे. म्हणजे एका लेण्यामागे पाथरवट, लोहार, सुतार, पाणक्या, शेतकरी असे अर्धे गाव उभे असते. एवढ्या माणसांची वर्षांची मेहनत, आणि आपण म्हणतो पांडवांनी एका रात्रीत केले. एका रात्रीत झाले म्हटले की मजुरी बुडाली; देवमाणसांनी केले म्हटले की मजुराचे नाव बुडाले. ज्यांच्या वाडवडिलांनी घण मारला त्यांनीच आपल्या तोंडाने आपले श्रेय दुसऱ्यास देऊन टाकावे, यापरता तोट्याचा व्यवहार आम्ही दुसरा पाहिला नाही.

बरे, हे आमच्या मनचे नव्हे. दगडच बोलतात. ह्या लेण्यांतून ब्राह्मी अक्षरांत आणि त्या वेळच्या लोकांच्या प्राकृत बोलीत लेख कोरलेले आहेत. विद्वानांनी ते वाचून छापले, त्यालाही आता शंभर-सव्वाशे वर्षे होऊन गेली. त्यांत काय आहे? कराडच्या लेण्यांतील एक लेख सांगतो की हे लेणे गोपाळाचा मुलगा संघमित्र याने दिले. नावामागे राजा नाही, महाराज नाही. नुसता गोपाळाचा मुलगा. रायगड जिल्ह्यात कुडे येथे लेणी आहेत. तेथील एक लेणे दिले आहे कराडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने. आपल्या कराडचा माणूस, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी, घाट उतरून कोकणात जातो, लोखंड विकतो, आणि मिळकतीतून लेणे देतो. त्याच कुड्यास एका माळ्याच्या मुलाने, जो स्वतःही माळीच होता, दान दिल्याचा लेख आहे. कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहाचे दार ज्याने केले तो धेनुकाकटचा सुतार होता, आणि त्याने आपले नाव, आपल्या बापाचे नाव आणि आपला धंदा तेथे कोरून ठेवला आहे. मुंबईजवळ कान्हेरीस कल्याणच्या एका लोहाराने जाण्यायेण्याची वाट करून दिली. आणि याहूनही जुनी गोष्ट म्हणजे मध्य प्रदेशात भरहुत म्हणून गाव आहे, तेथील स्तूपाच्या दगडी कठड्यावर, बावीसशे वर्षांपूर्वीच्या सुमारास, कराड नगराचे दान नोंदलेले आहे.

आता माग चालविणाऱ्यांनी कान देऊन ऐकावे. नाशिकच्या लेण्यांत उषवदात नावाच्या एका बड्या सरदाराचा लेख आहे. तो क्षत्रप नहपान याचा जावई. काळ सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षूंसाठी ३००० नाणी कायम ठेव म्हणून ठेवली. कोठे ठेवली? राजाच्या खजिन्यात नाही, सावकाराच्या पेटीत नाही. गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे ठेवली. एका संघाकडे २००० नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्याकडे १००० नाणी, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी मोडावयाचे नाही, नुसते व्याज खर्चावयाचे. शाळेतल्या मुलासही हा हिशेब येईल. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्यास २० आणि वर्षास २४० नाणी. भिक्षू होते वीस. म्हणजे प्रत्येकास वर्षाकाठी वस्त्रासाठी १२ नाणी. लेखातही बाराच सांगितली आहेत! त्याच नाशिकला दुसऱ्या एका लेखात विष्णुदत्ता नावाच्या बाईने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी रक्कम ठेवली आहे. ती ज्या श्रेणींकडे ठेवली त्यांत तेल्यांची आहे, पाण्याची यंत्रे करणारांची आहे. राजाच्या जावयाला ज्यांच्या हाती पैसा सुरक्षित वाटला ते कोष्टी होते. आजचा कोष्टी मात्र पेढीच्या दारात उभा असतो. हा इतिहास आपल्या पोरांना कोणी सांगितला काय? आम्ही ट्रेनिंग कॉलेजात इतिहास शिकलो तो राजांच्या सनावळीचा. कोष्ट्याची पत केवढी होती हे तेथे कोणी सांगितले नाही. ते नाशिकच्या डोंगराने सांगितले. उद्या तो दगड फुटला तर ते सांगणारा दुसरा साक्षीदार नाही.

लेणी दूर राहिली. आता आपल्या वेशीत येऊ. गावोगाव दिसणारा तो उभा, चौकोनी, खणाखणांचा दगड म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचावयाचा असतो. तळच्या खणात लढाई असते, बहुधा पडलेला वीरही असतो. कित्येक दगडांवर तळाशी गाईगुरे दिसतात. ह्याचा अर्थ असा की कोणी टोळी गावची गुरे वळवून नेत होती आणि हा माणूस ती सोडविताना पडला. मधल्या खणात अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या खणात तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्र आणि सूर्य असतात, म्हणजे चंद्रसूर्य असेतो ह्याची कीर्ती राहो. काही दगडांवर कोपरातून वळलेला, बांगड्या भरलेला बाईचा हात असतो, ती सतीशिळा. तीही पाहावी, आणि कोणा आयाबहिणीवर काय वेळ आली होती हे मुलींना सांगावे, म्हणजे ती रीत पुन्हा कोणी थोर म्हणणार नाही.

ह्या वीरगळांवर बहुधा नावही नसते. पण विचार करा, गुरांसाठी जीव देणारा माणूस कोण असणार? ज्याचे पोट गुरांवर होते तो. गावच्या शेतकऱ्याचा, गुराख्याचा, राखणदाराचा एवढा एकच कागद आहे आणि तो दगडावर लिहिलेला आहे. वाड्यातल्या धन्याची सनद पेटीत राहिली. आपली सनद उघड्यावर राहिली. आणि तिचे आपण काय केले? धुण्याचा दगड केला, उंबरा केला, दारूची बाटली फोडण्याची जागा केली. आमच्या पाहण्यातल्या एका गावी रस्ता रुंद करताना यंत्राने वेशीतले तीन वीरगळ उचलले आणि मोरीच्या भरावात टाकले. कोणी 'अरे' म्हटले नाही. आपल्या बापाचे हाड असे कोणी भरावात टाकले असते तर?

कोणी म्हणेल, सरकार आहे ना! आहे, आणि कायदाही आहे. तो नीट समजून घ्यावा. जुन्या वास्तू राखण्याचा पहिला मोठा कायदा इंग्रजी अमलात १९०४ साली झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली केंद्राचा नवा कायदा झाला आणि १९६० साली महाराष्ट्राने आपला वेगळा कायदा केला. त्यामुळे दोन याद्या आहेत. एक दिल्लीच्या पुरातत्त्व खात्याची, दुसरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची. आगाशिवाची लेणी, खिद्रापूरचे कोपेश्वराचे देऊळ, रायगड, पन्हाळा ही केंद्राकडे. प्रतापगड, राजगड ही राज्याकडे. २०२५ सालच्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे, शेजारचा पन्हाळाही आहे. आनंदाची गोष्ट आहे. केंद्राच्या यादीतील वास्तू फोडली, विद्रूप केली, तिच्यावर नाव कोरले, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते.

परंतु ह्या यादीत किती वास्तू आहेत? सबंध देशात सुमारे ३७०० आणि आपल्या राज्यात तीनशेच्या आत. महाराष्ट्रात खेडी आहेत चाळीस हजारांवर. म्हणजे शंभर खेड्यांमागे केंद्राचा एकही निळा फलक येत नाही. बाकीच्या गावांतले वीरगळ, शिलालेख, बारवा, पडकी देवळे यांना ना फलक, ना पहारेकरी. आणि फलक लागला म्हणजे वास्तू राहिली असेही नाही. २०१३ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी १६५५ संरक्षित वास्तू जाग्यावर जाऊन तपासविल्या, तेव्हा ९२ सापडल्याच नाहीत! कोठे वस्ती चढली, कोठे धरणाचे पाणी आले, कोठे नुसताच पत्ता हरवला. पुढे शोध घेऊन त्यांतल्या पुष्कळशा मिळाल्या. तरी २०२४ साली १८ नावे यादीतून काढण्याचे सरकारला जाहीर करावे लागले. तात्पर्य, कागदावरचे संरक्षण कागदाएवढेच टिकते. जेथे गाव जागे असते तेथे दगड राहतो. जेथे गाव झोपते तेथे फलक राहतो आणि दगड जातो.

आता गाव का झोपते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. ते अडाणीपणाने झोपत नाही, भीतीने झोपेचे सोंग घेते. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यास, गाव सांगत नाही, बांध घालताना कोरीव दगड लागला. रात्री दोन भावांनी मिळून तो जुन्या विहिरीत लोटला. पुढे पुष्कळ दिवसांनी आम्हास एकट्याला गाठून त्याने विचारले, "गुरुजी, कळवले असते तर माझे दीड एकर गेले असते ना?" मंडळी, हा माणूस चोर नव्हे. पिढ्यानपिढ्या ज्याच्या दारात सरकार आले ते काहीतरी नेण्यासाठीच आले, त्याची ही भीती आहे. तिला हसून चालणार नाही. उत्तर दिले पाहिजे, आणि उत्तर कायद्याचे दिले पाहिजे.

जमिनीत पुरलेले सापडलेले धन म्हणजे 'निखात निधी'. त्याचा कायदा १८७८ सालचा. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावयाचे असते. चौकशीअंती त्याला कोणी मालक निघाला नाही, तर तीन हिस्से सापडविणाराचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. आपलेच शेत, आपल्यालाच सापडले, तर सारे आपले. सरकारला ते हवे असेल तर जिनसेची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यावे लागते. उलट लपविले तर हक्कही जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. म्हणजे कळविणारास कायदा देतो, लपविणाराकडून घेतो. आणि दीड एकराचे काय? शेतात एक सुटा वीरगळ सापडला म्हणून कोणाची जमीन जात नाही. एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करावयाची तर सरकारला आधी नोटीस काढावी लागते आणि हरकत घेण्यास दोन महिने असतात. जाहीर झाल्यावरही खासगी वास्तूची मालकी आपोआप सरकारची होत नाही. मालकाशी करार करण्याची सोय आहे. वास्तू नाशाच्या वाटेवर दिसली तर सरकार ती संपादन करू शकते, पण मोबदला देऊन. खात्याने शेतात खोदकाम केले आणि पिकाचे नुकसान झाले, तर भरपाईचे कलम त्याच कायद्यात आहे. ही कलमे आपल्या बाजूची आहेत. म्हणूनच बहुधा ती कोणी आपल्याला वाचून दाखविली नाहीत.

तरी सारे गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१० साली कायदा कडक झाला. केंद्राच्या यादीतील वास्तूपासून १०० मीटरांत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीवाचून बंद. घराची दुरुस्ती करावयाची तरी परवानगी हवी. किल्ल्यावर, लेण्याखाली, देवळाच्या आळीत राहणाऱ्या गरिबास हे फार जड जाते. पावसाळ्याच्या तोंडावर भिंत कलली तर तो अर्ज कोणाकडे करणार, आणि उत्तर येईपर्यंत भिंत थांबणार आहे काय? पैसेवाला मजले चढवितो आणि गरिबाच्या पत्र्यावर नोटीस लागते, हा अन्याय आहे. त्याविरुद्ध ग्रामपंचायतीने गावाच्या वतीने अर्ज करावेत, तालुक्याला जाऊन बसावे. परंतु नियमाचा राग दगडावर काढू नये. दगडाने कोणास नोटीस दिलेली नाही.

कळविल्याने काय होते, त्याचे एक उदाहरण देतो. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. १९७४ साली तेथे एका भिल्ल मजुराला झुडपाची मुळे खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा, आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा असलेला माणूस. सारे ओतीव काम, मिळून साठ किलोहून अधिक. बहुतेक जाणकार त्यांना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मानतात. मोडीच्या भावाने ते गेले असते तर चार दिवसांची चूल पेटली असती आणि पाचव्या दिवशी पुन्हा गार. ते खात्याच्या हाती आले, म्हणून आज जग जाणते की चार हजार वर्षांमागे महाराष्ट्रात बैल जुंपणारा माणूस होता आणि त्याची मूर्ती ओतणारा कारागीरही होता. हा पुरावा कोणा पंडिताने शोधला नाही. तो कष्टकऱ्याच्या कुदळीला लागला.

आता एक गोष्ट जरा कडू. चोराने जेवढे दगड नासले नसतील तेवढे आपण भक्तीने नासले आहेत. गावात चार पैसे आले की जीर्णोद्धार निघतो. जुन्या कोरीव खांबांना चकचकीत ऑइल पेंट, भिंतीला न्हाणीघरातल्या फरशा, दगडी शिखरावर सिमेंटचा लेप. हेतू चांगला, पण परिणाम पाहा. जुना दगड आणि चुना पाणी घेतात आणि सोडतात, श्वास घेतल्यासारखे. सिमेंट आणि रंग ही वाट बुजवितात. ओल आत कोंडते, क्षार धरतात, आणि चार-सहा पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. शिलालेखावर रंगाचे थर चढले की अक्षरे भरून जातात. मग पुढच्या पिढीला देव दिसतो, पण त्या देवाला जमीन कोणी दिली होती ते दिसत नाही. देवाला रंग नको आहे, मंडळी. झाडझूड हवी, भिंतीतला पिंपळ लहान असतानाच काढावयास हवा, आणि छतावरचे पाणी वाहून जावयास वाट हवी. एवढे केले तरी देऊळ शंभर वर्षे उभे राहते आणि खर्च रंगाच्या डब्याएवढाही येत नाही.

दुसरी पीडा गुप्तधनाची. कोणी भोंदू येतो, अमावास्या सांगतो, लिंबू कापतो आणि वीरगळाखाली, समाधीखाली, पिंडीखाली खणावयास लावतो. वीरगळाखाली हंडा कोणी पुरला असता? गुरांसाठी मेलेल्या माणसापाशी हंडा असता तर तो गुरे राखायला कशाला गेला असता! गुप्तधनाच्या नावाने अघोरी कृत्ये करणे हा २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा आहे. अशा माणसास गावाने पाणीसुद्धा न विचारता पोलिसांकडे पोचते करावे.

आणि पोटाच्या प्रश्नाचे उत्तरही आम्ही राखून ठेवले आहे. जुन्या वास्तूची नीट डागडुजी करावयास चुना लागतो. गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालून घाणीत मळलेला चुना. तो मळणारा गवंडी आज दहा गावांत शोधून सापडत नाही. दगडाला दगड सांधणारा पाथरवट सापडत नाही. आपल्याकडील वडार, पाथरवट, गवंडी, सुतार यांच्या घरी हे हात अजून आहेत, पण बापाने मुलाला सांगितले, "हे सोड, ह्यात काही नाही." बारा किल्ले जगाच्या यादीत गेले, त्यांचे बुरूज ढासळतील तेव्हा ते सिमेंटने सांधता येणार नाहीत. ते काम करावयास जुन्या रीतीचे कसबी लागणार, आणि मजुरी कसबाची मिळणार. ते कसब आपल्या घरातून गेले तर उद्या त्याच विद्येची पदवी घेऊन दुसरा कोणी येईल आणि आपला मुलगा त्याच्या हाताखाली घमेले वाहील. म्हणून ज्यांच्या घरी म्हातारा गवंडी जिवंत आहे त्यांनी त्याच्यापाशी आठवड्यातून एक दिवस तरी पोरास बसवावे. पंचायतीनेही आपल्या मंदिराची, बारवेची दुरुस्ती काढताना ठेकेदारास विचारावे, "चुना येतो का?" येत नसेल तर ज्याला येतो त्याला आणावे.

शेवटी काय करावयाचे ते मोजून सांगतो. नाहीतर व्याख्यान ऐकले, टाळ्या दिल्या आणि घरी गेलो, असे व्हावयाचे.

पहिले, आपल्या गावातले जुने दगड मोजा. शाळेतली मुले बरोबर घ्या. कोठे आहे, तोंड कोणत्या दिशेस आहे, उंची किती हात, खण किती, त्यांत काय कोरले आहे, एवढे वहीत लिहा. दुसरे, दगडावर अक्षरे असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, मोबाइलने चित्र घ्या. तिरप्या उन्हात पुसट अक्षरही उठून दिसते. खिळ्याने उकरू नका, खडूने गिरवू नका. तिसरे, दगड जाग्यावरून हलवू नका, कारण तो कोठे उभा आहे हेही त्याच्या सांगण्यातच येते. रस्त्याचे काम येणार असेल तर यंत्र येण्याआधी पंचायतीने ठेकेदारास लेखी कळवावे. चौथे, वहीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी आणि एक जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पुरातत्त्व खात्याकडे पाठवा आणि पोच मागून घ्या. पाचवे, येत्या ग्रामसभेत ठराव करा की गावातील कोणताही जुना कोरीव दगड, बारव अथवा देऊळ ग्रामसभेला विचारल्यावाचून फोडू, रंगवू वा विकू नये. ह्या पाचही गोष्टींना एक वही, एक पेन आणि दोन रविवार यांहून अधिक खर्च नाही.

आता विचारतो, दगडाला धनी कोण? कायद्याच्या पुस्तकात कोठे सरकार लिहिले आहे, कोठे देवस्थान, कोठे खातेदार. ते असो. पण ज्याने छिन्नी धरली, ज्याने लोखंड दिले, ज्याने कापड विणून व्याज भरले, जो गुरांसाठी पडला, त्याचा वारस येथे समोर बसला आहे. घराण्याचा कागद जपावयास कोणी पगारी कारकून ठेवीत नाही. तो घरचाच माणूस जपतो. हा आपला कागद आहे. येत्या रविवारी आपापल्या वेशीत जाऊन पहिल्या दगडावरची धूळ पुसा आणि वहीत एक आकडा घाला. वही भरली की आमच्या शाळेत आणून दाखवा. नक्कल करून देण्याचे काम आमच्याकडे लागले.